ओरेसुंदचा पूल आणि पुलानंतरचं काम

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनहून ओरेसुंदच्या पुलावरून स्वीडनमधल्या मालमोला जाणारी लोकल साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत देश बदलते. डेन्मार्कमध्ये रेल्वे उजव्या बाजूच्या रुळावरून धावते, स्वीडनमध्ये डाव्या. डेन्मार्कच्या तारेत २५ हजार व्होल्टचा, ५० हर्ट्‌झचा प्रवाह असतो. स्वीडनच्या तारेत १५ हजार व्होल्ट आणि साधारण १६.७ हर्ट्‌झ. सिग्नलची यंत्रणाही दोन्हीकडची निराळी. त्यामुळे दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या आणि दोन्हीकडचे सिग्नल ओळखणाऱ्या गाड्या या मार्गासाठी खास बनवून घ्याव्या लागल्या. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर १५०० व्होल्ट डीसीऐवजी २५ हजार व्होल्ट एसी आणण्याचं काम चालू होतं, तेव्हा काही वर्षं अशाच दुहेरी लोकल धावत होत्या. पण तिथे हा मधला काळ होता, एकदा सगळ्या मार्गावर एसी आली की प्रश्न मिटला. ओरेसुंदवर तो मिटणार नाही. दोन देश आपापल्या संपूर्ण रेल्वेची वीज बदलणार नाहीत, म्हणून फरक सांभाळण्याची सोय गाडीतच करून ठेवली आहे. प्रवाशाला यातलं काही जाणवत नाही. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो आणि तेवढ्यात मालमो येतं.

दोन देशांनी मिळून आपल्या सीमाभागाची अर्थव्यवस्था वर काढायची, त्यासाठी संशोधन, उद्योग आणि मनुष्यबळ एकत्र आणायचं, हा विचार युरोपात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बऱ्याच ठिकाणी अमलात आला. ओरेसुंद हा त्यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला प्रयोग आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही एकाच ठिकाणी, उघड्यावर पाहायला मिळतात. रेल्वेच्या अभियंत्यांनी विजेचा प्रश्न सोडवला. करखातं, विद्यापीठं, इस्पितळं, परवान्यांची कार्यालयं यांनाही तसेच प्रश्न सोडवायचे होते. त्यातले काही सुटले, काही अर्धवट राहिले, काही अजून तसेच आहेत.

ओरेसुंद ही बाल्टिक समुद्राला उत्तर समुद्राच्या दिशेने मोकळं करणारी सामुद्रधुनी. पलीकडचा स्वीडनचा स्कोने प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता. रोस्किल्डच्या तहात तो स्वीडनकडे गेला आणि १६६६ मध्ये स्वीडनने तिथल्या लुंडला विद्यापीठ काढलं. नव्याने जिंकलेल्या प्रांताला स्वीडिश वळण लावणं हा त्यामागचा एक हेतू होता. समोरच्या किनाऱ्यावर कोपनहेगनचं विद्यापीठ १४७९ पासून होतंच. पुढची तीनशे वर्षं ही दोन विद्यापीठं एकमेकांकडे पाठ करून नांदली, तरी दोन्हीकडे जे काम झालं ते थोर आहे. आपल्याकडे हृदयाच्या तपासणीला 'एको' सांगतात. अल्ट्रासाउंडने हृदयाची हालचाल टिपण्याची ही पद्धत १९५३ मध्ये लुंडला इंगे एडलर आणि हेल्मुथ हेर्ट्‌झ यांनी सिद्ध केली. दम्याच्या रुग्णांना ओढायला दिलं जाणारं बुडेसोनाइड लुंडच्याच प्रयोगशाळांमध्ये विकसित झालं. ब्लूटूथचा जन्मही लुंडमधल्या एरिक्सनच्या कचेरीतला. पलीकडे कोपनहेगनमध्ये १९२० च्या दशकात इन्सुलिन बनवणाऱ्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये त्या एक झाल्या, आजची नोवो नॉर्डिस्क ती हीच. म्हणजे ज्ञान दोन्ही काठांवर भरपूर होतं, आणि मधलं पाणी जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर.

पुलाची कल्पना जुनी. १९७३ मध्ये दोन्ही सरकारांनी करारही केला होता, तो आर्थिक अडचणींमुळे १९७८ मध्ये रद्द झाला. मग १९९१ मध्ये पुन्हा करार झाला तो का, हे समजून घ्यायचं तर त्या वेळचं मालमो पाहावं लागतं. शहराचा कणा म्हणजे कोकुम्सची गोदी. ऐंशीच्या दशकात जपान आणि कोरियाच्या स्पर्धेपुढे तिथली व्यापारी जहाजबांधणी बंद पडली. रिकाम्या जागेवर १९८९ मध्ये साब मोटारींचा कारखाना आला आणि दोनच वर्षांत त्यालाही टाळं लागलं. गोदीतली १३८ मीटर उंचीची अजस्र क्रेन पुढे कोरियाच्या हुंदाईने एका डॉलरला घेतली, २००२ मध्ये ती उतरवून उल्सानला नेली. तिथे तिचं नावच 'मालमोचे अश्रू' असं पडलं. समोर कोपनहेगनही फार सुखात नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला त्या शहराची तिजोरी रिकामी होती, कारखाने बाहेर जात होते. दोन्ही शहरं आपापल्या राष्ट्रीय नकाशावर कडेला पडलेली. मालमो तर स्टॉकहोमपासून पार दक्षिणेच्या टोकाला. पण नकाशातली सीमारेषा क्षणभर पुसली, तर हीच दोन शहरं सुमारे चाळीस लाख लोकवस्तीच्या एका मोठ्या प्रदेशाच्या मधोमध येत होती.

चाळीस लाखांचा हा आकडाच सगळ्या धोरणाच्या मुळाशी आहे. औषधनिर्मितीसारख्या धंद्यात एखाद्या शास्त्रज्ञाला नोकरी सोडून दुसरी शोधायची असेल, तर जवळपास दहा-वीस कंपन्या असाव्या लागतात. त्याच्या जोडीदारालाही काम मिळावं लागतं. नव्या कंपनीला पेटंटचा वकील, औषधचाचणीचा अनुभवी डॉक्टर, पैसा लावणारा गुंतवणूकदार हाताशी हवा असतो. एकट्या लुंड-मालमोकडे एवढा पसारा नव्हता. कोपनहेगनकडे तो होता, पण बॉस्टन, लंडन किंवा बाझलशी सामना करण्याएवढा नव्हता. दोघांची बेरीज केली तरच तो तेवढा होत होता.

१ जुलै २००० रोजी पूल खुला झाला. पूल म्हणायची सवय आहे, प्रत्यक्षात तो पूल, बेट आणि बोगदा असा तिहेरी मार्ग आहे. स्वीडनकडून जवळजवळ आठ किलोमीटर पूल, मग समुद्रात भर टाकून केलेलं पेबरहोल्म हे चार किलोमीटरचं बेट, आणि तिथून डेन्मार्कच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळाखालून बोगदा. कोपनहेगनचा कास्त्रुप विमानतळ अगदी किनाऱ्यालगत असल्यामुळे त्या बाजूला पुलाचे उंच मनोरे चालण्यासारखे नव्हते, म्हणून तिथे बोगदा. आणखी एक अट होती: बाल्टिकमध्ये जाणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रवाह या बांधकामाने जराही अडता कामा नये, कारण त्या पाण्यावर तिथलं जीवन अवलंबून आहे. म्हणून बांधकामाने जेवढी वाट अडली, तेवढी भरपाई समुद्रतळ खोदून केली.

मला या पुलाच्या पोलादापेक्षा त्याची मालकी जास्त शिकवून जाते. पूल ज्या कंपनीचा आहे तिचा अर्धा हिस्सा डेन्मार्क सरकारच्या कंपनीचा, अर्धा स्वीडन सरकारच्या. बांधकामासाठी कर्ज काढलं, त्या संपूर्ण कर्जाला दोन्ही सरकारं मिळून हमीदार राहिली आणि फेड टोलमधून होते. ताळेबंद एकच. एखाद्या वर्षी वाहतूक घटली तर तोटा दोघांचा. म्हणून तिथे 'तुमच्या बाजूचा खर्च, आमच्या बाजूचा फायदा' ही भाषाच चालत नाही. बंदरांचंही तसंच झालं. पूल होणार म्हणजे फेरीबोटींचा धंदा बुडणार हे दोन्ही बंदरांना दिसत होतं. २००१ मध्ये कोपनहेगन आणि मालमो या बंदरांनी आपला कारभार एकाच कंपनीत विलीन केला. कोणतं जहाज कुठल्या धक्क्याला लागावं हे ही एक कंपनी ठरवते. दोन देशांतली दोन बंदरं एका कंपनीखाली येणं ही त्या काळात नवलाची गोष्ट होती, आणि ती टिकली.

याच्या शेजारी विद्यापीठांची गोष्ट ठेवून पाहावी. नव्वदीच्या उत्तरार्धात सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंची डझनभर विद्यापीठं आणि महाविद्यालयं एकत्र आली आणि 'ओरेसुंद विद्यापीठ' या नावाची संघटना उभी राहिली. कल्पना देखणी होती: विद्यार्थ्याने लुंडला नाव घालावं, एखादा विषय कोपनहेगनला शिकावा, ग्रंथालयं सामाईक वापरावीत. तिच्या आधाराने वेगवेगळ्या क्षेत्रांचे मंच निघाले. औषधं आणि जीवशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, अन्नप्रक्रिया, पर्यावरण, मालवाहतूक अशा प्रत्येक क्षेत्रात विद्यापीठ, कंपनी आणि सरकारी यंत्रणा एका टेबलाभोवती बसू लागल्या. जगभरचे धोरणकर्ते हा प्रयोग पाहायला येत. पण २०१० नंतर बड्या विद्यापीठांनी अंग काढून घेतलं आणि ही संघटना गुंडाळली गेली. मंचांपैकीही बहुतेक विरून गेले.

असं का व्हावं? तिथल्या लोकांमध्ये आस्था कमी होती असं मला वाटत नाही. कारण पैशाच्या वाटेत आहे. विद्यापीठाला अनुदान देतं ते आपापल्या देशाचं सरकार. विद्यार्थी पलीकडे जाऊन शिकला तर त्याचं अनुदान कुठे मोजायचं, हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. संशोधन निधी देणाऱ्या संस्था आपल्या करदात्याला उत्तर देतात. पैसा सीमेपलीकडे खर्च झाला तर संसदेत कोणीतरी विचारणारच. सुरुवातीचा खर्च बराचसा युरोपीय संघाच्या इंटररेग योजनेतून आला. १९९० मध्ये सुरू झालेली ही योजना सीमाभागातल्या संयुक्त कामांना पैसे देते, पण ठरावीक वर्षांसाठी. मुदत संपली की प्रकल्पाला कोणाच्या तरी कायमच्या अंदाजपत्रकात जागा मिळावी लागते. पुलाला टोल होता, बंदराला धक्क्याचं भाडं होतं. ओरेसुंद विद्यापीठाकडे स्वतःचं असं काहीच उत्पन्न नव्हतं. सदिच्छा होती, पण ती दर वर्षीच्या अंदाजपत्रकात मागे पडत गेली.

मंचांपैकी जो टिकला तो औषधक्षेत्राचा. १९९७ मध्ये 'मेडिकॉन व्हॅली अकादमी' म्हणून तो स्थापन झाला, दहा वर्षांनी 'मेडिकॉन व्हॅली अलायन्स' झाला. कंपन्या, विद्यापीठं, इस्पितळं आणि प्रादेशिक सरकारं त्याची वर्गणीदार सभासद आहेत, म्हणजे इथेही पैशाची एक स्थिर वाट आहे. शिवाय या क्षेत्राला एकत्र येण्याची निकड खरी होती. फेरिंग या कंपनीचंच पाहा. १९५० मध्ये ती मालमोत स्थापन झाली, आणि पूल झाल्यावर तिने आपलं मोठं संशोधन केंद्र कोपनहेगनमध्ये उभारलं. विमानतळ जवळ, आणि जुन्या कर्मचाऱ्यांना घर न बदलता गाडीने येता येतं. त्यांना घर सोडावं लागलं असतं, तर कंपनीने कदाचित वर्षानुवर्षांचं कौशल्य गमावलं असतं.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पूल झाला की अलीकडचे-पलीकडचे शास्त्रज्ञ धावत एकमेकांच्या प्रयोगशाळेत जातील, असं झालं नाही. लुंडच्याच संशोधकांनी २००४ च्या सुमारास मेडिकॉन व्हॅलीतल्या, म्हणजे याच प्रदेशातल्या, जैवतंत्रज्ञानाचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की इथल्या कंपन्यांचे ज्ञानाचे धागे शेजाऱ्यांशी आहेत तेवढेच दूरदेशींच्या प्रयोगशाळांशी आहेत. ज्याला एका विशिष्ट प्रथिनाबद्दल जाणून घ्यायचंय, तो ते जाणणाऱ्या माणसाला शोधतो, मग तो कॅलिफोर्नियात का असेना. जवळ असण्याचा खरा फायदा दुसरीकडे झाला: माणसं मिळण्यात, नोकऱ्या बदलण्यात, पडत्या काळात सावरण्यात. २०१० मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने लुंडचं संशोधन केंद्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे नऊशे जणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. त्या इमारती एका स्वीडिश उद्योजकाने घेऊन एका प्रतिष्ठानाच्या हवाली केल्या आणि २०१२ पासून तिथे 'मेडिकॉन व्हिलेज' हे विज्ञानकेंद्र सुरू झालं. लहान-लहान कंपन्या तिथे आल्या, त्यात जुन्या कर्मचाऱ्यांनी काढलेल्याही होत्या. तासाभराच्या अंतरावर कोपनहेगनच्या औषधकंपन्या नसत्या, तर ही गुणी माणसं प्रदेश सोडून गेली असती अशी दाट शक्यता होती.

आता रोजच्या ये-जा करणाऱ्यांबद्दल. पुलानंतर कोपनहेगनमध्ये घरांच्या किमती चढत गेल्या, मालमोत घरं स्वस्त होती. नोकरी डेन्मार्कमध्ये आणि घर स्वीडनमध्ये, असा संसार हजारोंनी मांडला. यात डेन्मार्कमधून मालमोत राहायला गेलेले डॅनिश लोकही पुष्कळ होते. २००८ च्या सुमारास रोज जवळजवळ वीस हजार लोक सामुद्रधुनी ओलांडत होते, त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक स्वीडनमध्ये राहून डेन्मार्कमध्ये काम करणारे. मग मंदी आली, आकडा उतरला, अलीकडे पुन्हा चढला. या चढउतारात चलनाचा मोठा हात आहे. दोन्ही देशांत युरो नाही. डेन्मार्कचा क्रोन युरोशी बांधलेला आहे, स्वीडनचा क्रोना मोकळा. स्वीडिश चलन घसरलं की डॅनिश पगार आपोआप वजनदार होतो आणि कोपनहेगनच्या गाड्या भरतात.

आणि कर? माणूस स्वीडनच्या रस्त्यांवर चालतो, त्याची मुलं स्वीडनच्या शाळेत जातात, आजारी पडला तर स्वीडनचं इस्पितळ. पण आयकर भरतो डेन्मार्कला, कारण काम तिथे. २००३ मध्ये दोन देशांनी खास करार केला, त्यात डेन्मार्कने स्वीडनला भरपाई देण्याची तरतूद झाली. मालमोच्या नगरपालिकेची तक्रार मात्र चालूच राहिली, आणि माझ्या मते ती रास्त होती: नागरिक आमचे, सोयी आमच्या, कर त्यांचा. शिवाय घरून काम करण्याची वेळ आली तेव्हा नवा पेच पडला. डॅनिश कंपनीचा माणूस मालमोत आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन दिवस काम करतो, तेव्हा तो कुठल्या देशात काम करतो? युरोपीय नियमानुसार राहत्या देशात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त काम झालं, तर सामाजिक विम्याची जबाबदारीही त्या देशाकडे जाते. मग डॅनिश मालकाला त्या एका माणसासाठी स्वीडनमध्ये वर्गणी भरावी लागते. मोठी कंपनी हे सांभाळते. दहा माणसांची नवी कंपनी सरळ स्वीडनमध्ये राहणारा उमेदवारच टाळते. नवे उद्योग वाढवायचे असं एकीकडे धोरण ठेवायचं आणि दुसरीकडे विम्याच्या नियमाने त्यांनाच अडवायचं, असा हा प्रकार. कराच्या बाजूला मात्र २००३ च्या त्या कराराची सुधारणा २०२४ मध्ये झाली, २०२५ पासून ती लागू आहे.

सीमा किती हळवी असते हे ४ जानेवारी २०१६ ला कळलं. निर्वासितांच्या ओघामुळे स्वीडनने वाहतूक कंपन्यांना प्रत्येक प्रवाशाचं ओळखपत्र तपासायला लावलं. नॉर्डिक देशांत १९५२ पासून एकमेकांकडे पारपत्राविना जाता येत होतं, १९५४ पासून कुठेही नोकरी करता येत होती. दोन पिढ्यांनी सीमेवर कागद दाखवला नव्हता. आता कास्त्रुपला गाडीतून उतरायचं, रांगेत उभं राहायचं, दुसरी गाडी पकडायची. पस्तीस मिनिटांच्या प्रवासाला कधी तास लागे, कधी त्याहून जास्त. मे २०१७ मध्ये ही तपासणी उठली, तोवर अनेकांनी पलीकडची नोकरी सोडली होती किंवा नव्याने पत्करायचं टाळलं होतं. निर्वासितांचा प्रश्न गंभीरच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण निर्णय स्टॉकहोममध्ये झाला आणि त्याची किंमत सहाशे किलोमीटर दूरच्या प्रदेशाने मोजली, हेही तितकंच खरं. सीमाभागांचं हे दुखणं सार्वत्रिक आहे. त्यांचे निर्णय घेणारी माणसं बहुधा दूरच्या राजधानीत बसलेली असतात.

या सगळ्यातून वर उठलेलं सर्वांत मोठं संयुक्त काम लुंडच्या शिवारात उभं आहे: युरोपीय स्पॅलेशन स्रोत हे अनेक देशांचं सामाईक संशोधन केंद्र. बिल्बाओ आणि डेब्रेत्सेन या शहरांना मागे टाकून २००९ मध्ये लुंडची निवड झाली आणि २०१४ मध्ये बांधकाम सुरू झालं. सुमारे सहाशे मीटर लांबीच्या प्रवेगकातून प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आणून टंगस्टनच्या फिरत्या चाकावर आदळवायचे, त्या धडकेत न्यूट्रॉन सुटतात, आणि ते न्यूट्रॉन एखाद्या पदार्थातून पाठवून त्याची आतली रचना वाचायची. क्ष-किरणांना हायड्रोजनसारखे हलके अणू नीट दिसत नाहीत, न्यूट्रॉनना दिसतात. बॅटरी, प्रथिनं, इंधनपेशी यांच्या अभ्यासात याचं मोल फार आहे. आणि क्ष-किरणांनी जे दिसतं ते पाहायला शेजारीच मॅक्स-४ हे २०१६ मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे. बांधकामाच्या खर्चात स्वीडनचा वाटा ३५ टक्के, डेन्मार्कचा साडेबारा. बाकीचा इतर सदस्य देशांचा. आणि एक फार विचारपूर्वक केलेली गोष्ट: यंत्र लुंडला, पण त्यातून निघणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणारं केंद्र कोपनहेगनला. यजमानपण असं वाटून घेतलं की कुणालाच पाठ फिरवता येत नाही.

पण याच ठिकाणी सीमा पुन्हा आडवी येते, आणि आता ती आपल्या माणसांना आडवी येते. स्वीडिश किंवा डॅनिश नागरिकाला पलीकडे नोकरी करायला कोणाला विचारावं लागत नाही. भारतीय पारपत्रावर लुंडला आलेल्या संशोधकाला, मालमोतल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या पुण्याच्या अभियंत्याला मात्र त्याचा स्वीडिश परवाना डेन्मार्कमध्ये काम करू देत नाही. त्यासाठी डेन्मार्कचा वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणजे ज्या परदेशी तज्ज्ञांसाठी हा चाळीस लाखांचा एकच प्रदेश असल्याची जाहिरात केली जाते, त्यांच्यासाठी तो निम्माच उरतो. नोकरी गेली तर पर्याय फक्त एका काठावर.

दुसरा मोठा अडथळा वैद्यकीय नोंदींचा. स्वीडनमध्ये प्रत्येक रहिवाशाला १९४७ पासून ओळख क्रमांक आहे, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. जन्म, औषधं, इस्पितळातले उपचार, मृत्यू अशा नोंदी या क्रमांकाने जोडता येतात. रोगांच्या अभ्यासासाठी जगात फार थोड्या ठिकाणी अशी सामग्री मिळते. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकत्र अभ्यासता आल्या, तर दुर्मीळ आजारांच्या संशोधनाला केवढं बळ मिळेल. पण कायदे दोन, नैतिकता समित्या दोन, माहिती बाहेर देण्याचे नियम दोन. औषधचाचण्यांसाठी युरोपीय संघाने २०२२ पासून सर्व देशांसाठी मिळून एकच अर्ज करण्याची सोय केली. नोंदींसाठी अशी एक खिडकी अजून व्हायची आहे.

हे अडथळे शोधून काढण्याचं काम आता कोणाकडे तरी सोपवलेलं आहे, ही आशेची गोष्ट. ओरेसुंददिरेक्त ही सेवा रोज ये-जा करणाऱ्यांना कर, पेन्शन, बेकारी भत्ता यांबद्दल दोन्हीकडचे नियम समजावून देते. नॉर्डिक देशांनी २०१४ मध्ये अशा अडचणींसाठी एक खास परिषद नेमली. ती अडचणींची नोंद ठेवते, संबंधित मंत्रालयाच्या मागे लागते आणि किती सुटल्या याचा हिशेब देते. तिच्यापुढे आता माझ्या मते दोन कामं सर्वांत वर असायला हवीत: स्वीडन किंवा डेन्मार्क, कुठल्याही एका देशाच्या कामाच्या परवान्यावर सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना काम करण्याची मुभा, आणि वैद्यकीय नोंदींसाठी एकच अर्ज. दोन्हींना नवा पूल लागत नाही, अब्जावधींचं कर्जही लागत नाही. दोन मंत्रालयांतले दोन अधिकारी एका मसुद्यावर बसावे लागतात, आणि तो मसुदा निवडणुकीनंतरही कपाटात जाणार नाही अशी कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.